ओईटीची तयारी: लीड्सचे सर आणि कोल्हापूरच्या मॅडम

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथली नर्सिंग कौन्सिल ओईटीत, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत, वाचन, ऐकणं आणि बोलणं या तिन्हींत बी आणि लेखनात किमान सी प्लस मागते. त्यासाठी एका ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर काही महिने मी दोघांकडे शिकले, लीड्सचे सर आणि कोल्हापूरच्या मॅडम. सरांच्या नावापुढे ‘नेटिव्ह’, म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारे, असा शिक्का होता आणि त्यांच्या तासाची फी मॅडमच्या दुपटीहून जास्त. परीक्षा झाली, हवे होते ते ग्रेड मिळाले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

लेखनाचं सगळं श्रेय मॅडमना. या पेपरात केस नोट्स वाचून १८० ते २०० शब्दांचं रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं असतं. माझ्या पत्रांत ‘हॅज बीन ॲडमिटेड यस्टरडे’ हटकून यायचं. सर ते खोडून ‘वॉज’ करायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, कानाला चुकीचं वाटतं. मॅडमनी मूळच दाखवलं: आपण मराठीत ‘काल ॲडमिट केलं आहे’ असं बिनदिक्कत म्हणतो, इंग्रजीत ‘काल’ आला की तिथे ‘आहे’ चालत नाही. त्यानंतर ती चूक माझी मलाच दिसायला लागली.

उच्चारांचंही तेच. रोल-प्लेमध्ये पेशंटला दुखण्याबद्दल विचारताना मी ‘पेन’ म्हटलं की सरांना ‘बेन’ ऐकू यायचं. ते तोच शब्द हळू म्हणून दाखवायचे, मी पुन्हा तसाच म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, ‘अगं, शब्दाच्या सुरुवातीचा त्यांचा पी आपल्या प सारखा नसतो. ओठ घट्ट मिटून हवा सोडत फ म्हण, तोंडासमोर टिश्यू धर, तो हलला पाहिजे.’ टिश्यू हलला आणि सरांना ‘पेन’ कळलं. ज्या बाईंनी हे स्वतः शिकून घेतलंय, त्यांनाच नेमकं कुठे अडतं ते ठाऊक असतं.

इंग्रजीचा उत्तम शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणाराच, हा समज जुना आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथल्या परिषदेने त्याला तत्त्वाचा दर्जा दिला आणि १९९२ मध्ये भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी तो भ्रम असल्याचं मांडलं. हंगेरीचे पीटर मेद्येश तर स्वतःच परभाषक शिक्षक. विद्यार्थ्याच्या अडचणी आधीच ओळखणं ही अशा शिक्षकाची ताकद, असं ते सांगतात. मला ती दर तासाला दिसली.

पण सरांचे पैसे वाया गेले असं मुळीच नाही. लीड्स ज्या भागात आहे त्या यॉर्कशरकडे ‘बस’चा ‘बुस’ होतो, म्हातारे पेशंट नर्सला ‘लव्ह’ अशी हाक मारतात, बरं नसलं की ‘पुअर्ली’ म्हणतात आणि कुणी ‘स्पेंड अ पेनी’ म्हटलं तर त्याला बाथरूमला न्यायचं असतं. यातलं बरंच मॅडमना माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं स्वच्छ सांगितलं. वॉर्डात उभं राहायचं तर हे लागतंच. सर पेशंट होऊन कुरकुरायचे, मधेच तोडायचे, भराभर बोलायचे. ती सवय मला दुसरीकडे मिळाली नसती. शिकवण्याचं प्रशिक्षण मात्र त्यांनी घेतलेलं नव्हतं. ते घेतलेला इंग्रज शिक्षक काळांचे नियमही नीट समजावेल, यात मला शंका नाही.

माझा राग आहे तो साइटवर. मॅडमकडे इंग्रजीतली एम.ए. आणि सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, दोन्ही होतं, पण ते प्रोफाइलच्या तळाशी. शिक्का आणि चढी फी जन्मगावावर. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत तुमचं बोलणं समोरच्याला समजतं का हे बघतात, ॲक्सेंट इंग्रजांसारखा असावा अशी अट नाही. मग शिक्षकाला तरी ती का?

माझी मिरजेची मावसबहीण आता तयारीला लागतेय. तिला मी सांगितलंय: आधी पत्रं आणि उच्चार मॅडमकडे पक्के कर, सरांचे तास परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यांत घे, आणि प्रोफाइल उघडलं की देश नंतर बघ, प्रशिक्षण आधी.