पन्नास डॉलरांत बास्केटबॉल कार्डं: बंद खोका, सुटी कार्डं की जुनी पाकिटं?

रविवारी मराठी शाळा सुटायची वाट बघत पार्किंगमध्ये उभं असलं की इथे न्यू जर्सीत हल्ली हमखास कुणीतरी विचारतं, "पोरगं बास्केटबॉल कार्डांच्या मागे लागलंय, सुरुवात कुठून करू? फार पैसे नाही घालायचेत हं." हिशेबाला पन्नास डॉलर धरू. तेवढ्यात तीन वाटा आहेत.

पहिली, दुकानातला बंद खोका, ज्याला ब्लास्टर म्हणतात. साधारण तीसेक डॉलर. पनिनी या कंपनीच्या प्रिझम नावाच्या संचाच्या ब्लास्टरमध्ये बरीच वर्षं सहा पाकिटं आणि पाकिटात चार कार्डं असायची. म्हणजे चोवीस कार्डं, एकेक सव्वा डॉलरला. त्यातली बहुतेक 'बेस', म्हणजे साधी, जी विकायला गेलात तर पावली सुटायची मारामार. माझ्या लेकाने वेंबन्यामा या त्याच्या आवडत्या खेळाडूच्या आशेने एक ब्लास्टर फोडला, चार मिनिटांत टेबलावर वेष्टनांचा ढीग आणि वेंबन्यामाचा पत्ता नाही. पण त्या चार मिनिटांत त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, हेही खरं. प्रत्येक कार्ड दिव्याखाली तिरकं धरून बघत होता. प्रिझमचं चंदेरी कार्ड तिरकं केलं की त्यावर इंद्रधनुष्य हलतं आणि मागे 'प्रिझम' असं छापलेलं असतं. साध्या कार्डावर दोन्ही नसतं. (नव्या खोक्यांवर टॉप्स या दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर बिचकू नका. २००९ पासून एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, कार्डं छापायचा परवाना पनिनीकडे होता, २०२५-२६ च्या हंगामापासून तो टॉप्सकडे आहे.)

दुसरी वाट सुट्या कार्डांची, आणि कमी पैशांत माझं मत हिलाच. जे हवं तेच घ्यायचं. ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, 'विकलेली' असा फिल्टर लावा आणि खरोखर कितीला गेलं ते बघा. टपालखर्चावर डोळा ठेवा. एकदा मी एका डॉलरच्या कार्डाला पाच डॉलर टपाल भरून बसलो, तेव्हापासून एकाच विक्रेत्याकडून सात-आठ कार्डं एकत्र घेतो. कार्ड शोमध्ये तर डॉलर-डॉलरची खोकीच मांडलेली असतात, तिथे मुलाला अर्धा तास मोकळं सोडा.

पदार्पणाच्या वर्षातलं कार्ड, म्हणजे रूकी, महाग. त्याच खेळाडूचं पुढच्या वर्षांतलं साधं कार्ड बऱ्याचदा चहाच्या पैशांत येतं. टिम डंकन, हकीम ओलाजुवॉन अशा जुन्या दिग्गजांची अशी कार्डं घेताना खिशाला झळही लागत नाही. कोवळ्या रूकींवर पैसे लावणाऱ्यांनी झायन विल्यमसन आठवावा: २०१९ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सगळ्यांत पहिला निवडलेला, त्याच्या कार्डांवर उड्या पडल्या, मग दुखापती आल्या आणि भाव बसले. अहो, मायकेल जॉर्डनच्या फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या रूकीचं दहापैकी दहा दर्जाचं कार्ड २०२१ च्या जानेवारीत ७,३८,००० डॉलरला गेलं आणि काही महिन्यांतच भाव त्याच्या निम्म्याखाली. आपल्या पन्नास डॉलरांत गुंतवणूक वगैरे शब्द आणूच नयेत. दर्जा ठरवून प्लास्टिकच्या पेटीत बंद करून घेणंही इतक्यात नको, त्याची फीच कार्डापेक्षा जास्त होते.

तिसरी वाट लोक विसरतात. १९९० च्या आसपास कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की ती अजून संपलेली नाहीत. १९९०-९१ च्या हूप्स नावाच्या संचाच्या अख्ख्या खोक्यात छत्तीस पाकिटं, पाकिटात पंधरा कार्डं. किंमत आजच्या एक-दीड ब्लास्टरएवढी. पुढे विकून पैसे होतील ही आशा शून्य, पण फोडायला पाचशे चाळीस कार्डं! आणि गोष्टी तर काय एकेक. त्या संचातलं २२३ नंबरचं कार्ड सॅम व्हिन्सेंटचं. नीट बघा, त्याच्यासोबत जॉर्डन आहे, पण अंगावर २३ ऐवजी १२ नंबर. १४ फेब्रुवारी १९९० ला ऑरलँडोमध्ये जॉर्डनची जर्सीच चोरीला गेली, म्हणून बिननावाची सुटी जर्सी घालून तो खेळला आणि ४९ गुण केले. पुढे कंपनीने फोटो बदलला, त्यामुळे १२ नंबरच्या जर्सीतला जॉर्डन असलेलंच कार्ड शोधायचं. जुन्यातली चकचकीत लेपाची कार्डं मात्र एकमेकांना चिकटून वीट झालेली निघू शकतात, ती जपून सोडवा.

मी पन्नास डॉलर असे वाटले असते: तीस डॉलर सुट्या कार्डांना, दहाची जुनी सुटी पाकिटं, दहा कार्डं जपायच्या प्लास्टिकच्या कव्हरांना. ब्लास्टर वाढदिवसाला, आजी-आजोबांकडून. कव्हरांचे दहा वाचवू नका. आधी पेनी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर. स्लीव्हशिवाय कार्ड टॉपलोडरमध्ये सरकवलं की ओरखडे आलेच. आणि रबरबँड अजिबात नाही. बबलगमबरोबर मिळालेली माझी क्रिकेटची चित्रं आईने रबरबँड लावून जपून ठेवली होती, आजही वरच्या चित्रातल्या फलंदाजाच्या कमरेवर त्याची खाच आहे.