इलेक्ट्रिक गाडी झकास आहे, पण आधी घराचं अर्थिंग बघा

रेंज, टॉर्क, बूट स्पेस हे सगळं तुम्हाला तोंडपाठ असणार, त्यात वेळ घालवत नाही. माझी लहान बॅटरीवाली, साधारण ३० किलोवॅट-अवरची. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जो ताप झाला तो कुठल्याही कंपनीच्या गाडीला होऊ शकतो. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू काढून लिहितोय.

ताप झाला तो मे महिन्यात. पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागरकडच्या घरी पोचलो. पडवीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला, तर लाल दिवा. काढून लावला, पुन्हा लाल. त्याच सॉकेटवर काकांची पाण्याची मोटर वर्षानुवर्षं चालते, मग गाडीलाच काय धाड भरली? हेल्पलाइनवाला म्हणाला, चार्जर खराब असेल, वर्कशॉपला आणा. सार्वजनिक चार्जरवर भरून रत्नागिरीला नेली, तर तिथे चार्जर मुकाट्याने हिरवा! तरी वर "नवीन घेऊन ठेवा सर, स्टॉकमध्ये आहे" हे आहेच. आणि किंमत ऐकाल तर त्यात घरचा मिक्सर, गिझर दोन्ही नवे येतील. फोनवरचा असो की काउंटरवरचा, घरी अर्थिंग आहे का हा एक प्रश्न कुणी विचारला नाही.

तर मुद्दा असा. बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी तार, आहे असं नाही. टीव्ही, फ्रिज, मोटर यांना अर्थ नसला तरी ती चालतात, तक्रार करत नाहीत. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थ तपासतो आणि मगच करंट सोडतो. गाडी उभी असते रबराच्या टायरांवर. आत कुठे गळती झाली आणि अर्थ नसला, तर अंगणात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो. त्यामुळे त्या लाल दिव्याला मी आता शिव्या देत नाही.

गावातल्या वायरमनने मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चाळिसेक व्होल्ट. हे दोन-तीनच्या आत हवं. त्याचा उपाय तयारच होता. "साहेब, न्यूट्रलवरून अर्थला तुकडा मारतो, लगेच हिरवी होईल. सगळे असंच करतात." हात जोडले त्याला. कुणी असं सुचवलं तर अजिबात करू देऊ नका. उद्या खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर त्या तुकड्यातून फेज थेट गाडीच्या पत्र्यावर येईल, आणि कोकणात पहिल्या वळवाला काय काय तुटतं ते सांगायला नको.

शेवटी चिपळूणहून लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलावला. आमच्याकडे सगळा जांभा, पहार मारली की ठिणग्या. त्यात उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत, म्हणजे खड्डा केला तरी उपयोग थोडा. त्याने घराभोवती फेरी मारली आणि मोरीचं पाणी जिथे जातं त्या माडाच्या आळ्याशेजारची जागा धरली, तिथे बारा महिने ओल असते म्हणून. काकू आधी कुरकुरल्या, माडाच्या मुळाशी मीठ नको म्हणून. मग आळ्यापासून चार पावलं लांब खणलं. तांब्याची प्लेट, कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला पाइप, आणि तिथून पडवीपर्यंत वेगळी हिरवी वायर. सॉकेटही नवं घेतलं, चार स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). जुनं सॉकेट काढलं तेव्हा आतून काळं पडलेलं होतं. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर तीन किलोवॅट ओढते. हा फरक कुणी लक्षातच घेत नाही. मल्टिमीटरवर आता दीड व्होल्ट. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चार्जिंग अजूनही थांबतं, पण रात्री अकरानंतर सुरळीत, सकाळी फुल्ल.

एवढं सगळं होऊनही गाडी विकावीशी वाटली नाही. उलट काही मतं बदलली. जोराचं रीजन (गाडी हळू होताना मोटरच बॅटरी भरते ते) मला सुरुवातीला अजिबात आवडायचं नाही, पाय काढला की गाडी मागून कुणी धरल्यासारखी व्हायची. कुंभार्ली उतरताना ब्रेकला जेमतेम हात... म्हणजे पाय लावला, आणि खाली पोचेपर्यंत दोन-तीन टक्के वाढलेले! आता तेच मोड कायम. परतीचा चढ ते सगळं व्याजासकट वसूल करतो, तेव्हा चिपळूणहून भरूनच निघा.

पुण्यात सोसायटीत माझ्याच मीटरवरून केबल ओढली आहे. सगळे विचारतात, बिल स्लॅबमध्ये जाऊन भसकन वाढतं का? वाढतं, पण महावितरणचा वरचा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. वरचा दर आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही मला किलोमीटरला तीन रुपयांच्या आत पडतं. जुन्या पेट्रोल गाडीला सात सहज लागायचे. हायवेवर मात्र हिशेब वेगळा. युनिटचा दर जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप, वेगळं वॉलेट. कुठे चाळीस, कुठे सत्तर रुपये अडकून पडलेत. रक्कम किरकोळ आहे, पण डोक्यातून जात नाही. हायवेवरच्या डीसी, म्हणजे फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे वेग मरतो, तेव्हा वडा-चहा संपला की निघा, मागचा माणूस ताटकळत असतो.

पावसात चार्ज होते का? होते, गन आणि पोर्ट त्यासाठीच बनवलेले असतात. फक्त चार्जरचा डबा आणि सॉकेट आडोशाला ठेवा, आणि एक्स्टेंशन बोर्ड नको म्हणजे नको. शंभर टक्के करावी का, हे बॅटरीच्या प्रकारावर आहे. माझी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे, तिला अधूनमधून पूर्ण भरावंच लागतं, नाहीतर टक्के चुकीचे दाखवते. विम्यात थर्ड पार्टीवर १५ टक्के सूट असते, ती लावली आहे का ते पॉलिसीत बघून घ्या.

राहिला ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर लावायचा मोठा चार्जर. गाडीच्या किमतीतच गळ्यात मारला. तो लावायचा तर मंजूर भार वाढवा, म्हणजे स्थिर आकारही वाढू शकतो. रात्रभर साध्या सॉकेटवर काम भागतं, तर कशाला? कंपनी परत घेत नाही. खोकं अजून फोडलेलं नाही, पुण्यात कुणाला हवा असेल तर सांगा, भावाचं बघू.