२०१२ ची सेकंडहँड सेदान, मुंबईत : इंजिन सोडून बाकी सगळं बोलू

अडीच-तीन लाखात नवीन गाडी येत नाही, पण एकेकाळी नऊ-दहा लाखाला असलेली सेदान येते, त्यामुळे ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच, घेऊ का रे म्हणून. माझ्याकडे २०१२ ची पेट्रोल सेदान आहे, दीड लिटरच्या आतलं इंजिन, मॅन्युअल, मी दुसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली जे लिहितोय ते त्या काळातल्या बहुतेक सेदानना लागू आहे आणि नाव घेतलं की लोक गाडीचं बोलायचं सोडून कंपनीवरून भांडत बसतात.

विकणारा आधी काय करतो तर बोनेट उघडतो, सेल मारतो आणि म्हणतो आवाज ऐका फक्त. आवाज चांगलाच असतो हो. त्या काळातली पेट्रोल इंजिनं वेळेवर ऑइल आणि कूलंट मिळालं तर दोन लाख किलोमीटर आरामात काढतात, आत रबरी टायमिंग बेल्टऐवजी चेन असेल तर बेल्ट बदलायची भानगडही नाही. पैसा जातो तो इंजिनाच्या आजूबाजूला, म्हणजे रबर, एसी, क्लच, सस्पेन्शनचे बुश. आणि या सगळ्याला किलोमीटरशी फार घेणंदेणं नसतं, गाडीचं वय आणि ट्रॅफिकमध्ये काढलेले तास बघतं ते.

म्हणून ती जाहिरात असते ना, "मुंबईची गाडी, सिंगल ओनर, फक्त ४५ हजार किमी", तिच्यावर भाळू नका. कांदिवली ते अंधेरी संध्याकाळी हायवेवर रांगत आलात की मीटरवर दहा-बारा किलोमीटर पडतात पण इंजिन तासभर चालू, एसी तासभर चालू, डावा पाय क्लचवरच. आमचा मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघतो आणि म्हणतो, ही पळाली नाय साहेब, उभ्या उभ्या झिजली. त्यापेक्षा नाशिक-पुणे करणारी लाखभर चाललेली गाडी मी आधी बघेन.

क्लच तर इथे गृहीतच धरा. पेडल जड, गाडी उचलायला पाय पार वर आणावा लागतो, आणि फ्लायओव्हरच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढतो पण गाडी काही पुढे सरकत नाही, असं दिसलं की क्लच प्लेट गेली समजा. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून बाहेरच्या गॅरेजला दहा ते चौदा हजार. टेस्ट ड्राइव्हला मालक तुम्हाला सपाट रस्त्यावरच नेतो, तुम्ही चढ मागा.

आता एसी, म्हणजे खरं दुखणं. "गॅस भरून घ्या, मस्त थंड करतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. एसीचा गॅस वापरून संपत नाही, बंद सर्किट आहे ते, दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे कुठूनतरी गळतोय आणि जुन्या गाडीत बऱ्याचदा ती गळती कूलिंग कॉइलला असते. ही कॉइल डॅशबोर्डच्या आत. आमच्या गाडीत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला, स्टिअरिंगखाली वायरींचं जाळं लोंबतंय, स्क्रू एका चहाच्या ग्लासात, आणि शेवटी जी कॉइल बाहेर आली तिच्या पत्र्यांमध्ये धूळ ओली होऊन घोंगडीसारखी जाड बसलेली, एका कोपऱ्यात तेलकट हिरवट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही बाहेर येतं, त्यामुळे गळती जिथे तिथे तेलकटपणा. कॉइल, व्हॉल्व, गॅस, मजुरी मिळून बारा हजारांच्या आसपास. वर बोनस म्हणजे डॅशबोर्ड एकदा उघडला की परत कधीच पहिल्यासारखा बसत नाही, खराब रस्त्यावर कुठूनतरी कटकट आवाज येत राहतो. कॉम्प्रेसर गेला तर मात्र पंधरा ते पंचवीस हजार धरा. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना काढलेला स्वस्तात मिळतो, पण तो किती दिवस चालेल ते देणाराही सांगत नाही.

सस्पेन्शनचं वेगळं काय सांगायचं, पावसाळ्यानंतरचा घोडबंदर रोड ज्याने बघितलाय त्याला कळेल. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचं माउंटिंग, एकेक सुरू होतं. खड्ड्यात टकटक आली तर बहुतेक लिंक रॉड, स्वस्तातलं काम, तेवढ्यासाठी अख्खं सस्पेन्शन बदलून घेऊ नका. सगळं पुढचं एकदम केलं तर पंधरा-वीस हजार. आणि सेदान खाली असते हे विसरायचं नाही, मागे तीन माणसं आणि डिकीत गणपतीला गावी न्यायचं सामान असलं की सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरसुद्धा पोट घासतं.

पावसाचं एक फार महत्त्वाचं. २९ ऑगस्ट २०१७ सारख्या पावसात बुडालेल्या गाड्या साफसूफ होऊन पुन्हा बाजारात येतातच. बघायला गेलात की सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर मातीची रेघ असेल तर तिथूनच परत फिरा. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा, कार्पेट वर करून वास घ्या. समुद्राजवळ उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर दाराखालची पट्टी आणि चाकाच्या कमानी हाताने दाबून बघा, नवीन रंगाखाली गंज फुगलेला हाताला लागतो. तुमची स्वतःची गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग ते टिकाऊ इंजिनसुद्धा गेलं.

टायरवर चार आकडी कोड असतो, ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. गोट्या (टायरवरची नक्षी) भरपूर दिसतायत म्हणून टायर चांगला असं नाही, सहा-सात वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. चार टायर म्हणजे वीस हजारांच्या पुढे, तेवढे भावात कापायला सांगा.

कागदाचं पटकन. १००० ते १५०० सीसीच्या इंजिनाला थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा प्रीमियम २०२२ च्या दराने ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, १५०० च्या वर गेलात तर तोच ७,८९७, तेव्हा सीसी बघून घ्या. झिरो डेप (घसारा न कापता क्लेम देणारा विमा) एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागलीय का बघा, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. १५ वर्षांनी गाडी बंदच अशी भानगड इथे नाही, पण तेव्हा आरसी (नोंदणी) रिन्यू करायला ५,००० फी, शिवाय फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर, आणि तेही पाचच वर्षांसाठी. चलनं बाकी असतील तर ट्रान्सफरआधी मालकाकडून भरून घ्या. एक गोष्ट मात्र झकास झाली, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही एंट्री पॉइंटला छोट्या गाड्यांचा टोल बंद.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, आणि एवढ्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. मायलेज थोडं पडतं हे सरकारनेही मान्य केलंय. शहरात मला दहा-अकराच्या वर मिळत नाही, कोकणात जाताना सोळा. फ्युएल लाइनचे रबरी पाइप आणि सील सर्व्हिसला मुद्दाम बघायला सांगतो.

तर पेट्रोल सोडून वर्षाला पस्तीस-चाळीस हजार बाजूला ठेवायची तयारी असेल आणि पार्किंग शेडमधलं असेल तर घ्या, कशेडीच्या बोगद्यातून ऐंशीने जाताना जी शांतता आणि रस्त्यावरची पकड मिळते ती या पैशात दुसरीकडे नाही. रोज वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने ऑफिसला जायला घेत असाल तर नको, त्याला लोकल आहे. माझी आरसी २०२७ ला संपते, रिन्यू करायचा विचार पक्का आहे. फक्त मधे कॉम्प्रेसर गेला तर सांगता येत नाही, बायको आत्ताच ऑटोमॅटिक बघायला लागलीय.