धुऱ्याची रुंदी सांगणारा ग्रंथ

अमेरिकी अभ्यासक ओवेन लॅटिमोर यांचा चीनच्या सीमाप्रदेशांविषयीचा 'इनर एशियन फ्रंटियर्स ऑफ चायना' हा १९४० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मी दिवाळीनंतर जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून टपालाने मागवला. कापसाच्या दुसऱ्या वेच्यापासून पऱ्हाटी उपटेपर्यंतच्या संध्याकाळी तो वाचण्यात गेल्या. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात पार्सल अकराव्या दिवशी पोहोचले. बांधणी मजबूत होती, परंतु घडीचा एक नकाशा मधोमध फाटलेला निघाला आणि विक्रेत्याने वर्णनात त्याचा उल्लेखही केलेला नव्हता. महागाचा ग्रंथ न पाहता घेणाऱ्याला एवढी माहिती आधी मिळायला हवी.

ग्रंथ साडेपाचशेहून अधिक पानांचा आणि इंग्रजीतील आहे. शैली संथ व विचार दाट असल्यामुळे एका बैठकीत दहा-बारा पानांपुढे जाता येत नाही. तरीही तो सोडवत नाही, कारण लेखकाने हा विषय आधी व्यापारात आणि वाटेवर शिकून घेतला आहे. लॅटिमोर १९०० साली अमेरिकेत जन्मले, तान्हेपणीच चीनमध्ये आले, शाळेसाठी युरोपात राहिले आणि पैशांअभावी विद्यापीठात न जाता तिएन्त्सिन या चिनी बंदरातील एका आयात-निर्यात पेढीत नोकरीला लागले. १९२५ साली दोन लष्करशहांच्या सैन्यांमध्ये अडकलेली लोकरीची मालगाडी सोडवून आणण्यासाठी पेढीने त्यांना उत्तर चीनमधील क्वेइहुआ या शहरी पाठवले. आतल्या आशियातून आलेल्या उंटांच्या पाठीवरून उतरणारा माल तेथे रेल्वेच्या डब्यांत चढत होता. कापसाने भरलेल्या बैलबंड्या जिनिंगच्या फाटकाशी रांगेत उभ्या राहिलेल्या ज्याने लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्याला त्या तरुणाचे पाय तेथे का थबकले असतील हे वेगळे सांगावे लागत नाही. हे उंट येतात कोठून, याचा ध्यास घेऊन त्यांनी नोकरी सोडली आणि १९२६ मध्ये तांड्याबरोबर गोबीचे वाळवंट ओलांडून चीनच्या वायव्येकडील सिंकियांग प्रांत गाठला. त्यांच्या पत्नी एलिनॉर ऐन हिवाळ्यात सैबेरियातून घसरगाडीने एकट्या येऊन त्यांना मिळाल्या. पुढे दोघे काराकोरममार्गे लडाखला उतरले. या बाईंच्या धैर्याविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे.

ग्रंथाचा गाभा असा आहे की चीनची सीमा ही नकाशावरची रेघ नसून तो एक रुंद पट्टा आहे. एका बाजूला पाटपाण्याची दाट शेती, दुसऱ्या बाजूला गवताळ माळावरचे पशुपालन आणि मधल्या भागात दोन्हींवर थोडेथोडे जगणारी माणसे. राज्ये मजबूत किंवा दुबळी होतील तशी ही माणसे कधी इकडे तर कधी तिकडे झुकतात. चीनची मोठी भिंत घोडेस्वारांना बाहेर ठेवण्याइतकीच आपल्या शेतकऱ्यांना माळाकडे सरकू न देण्यासाठीही होती, हे त्यांचे प्रतिपादन मला सर्वात मोलाचे वाटले. आपल्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे दोघेही त्याला रेघ समजतात, पण धुऱ्याला रुंदी असते, त्यावर गवत वाढते आणि त्या गवतावर कोणाची तरी बकरी जगते. ते प्रकरण वाचत असतानाच काठेवाडी मेंढपाळांचा कळप आमच्या वावरात बसला होता. खाटा, गाठोडी आणि लेकरे उंटावर लादून आलेली ही माणसे मेंढ्यांचे खत देऊन धान्य व पैसा नेतात. निव्वळ पशूंवर जगणारा भटका हा गरीब भटका असतो, अशा अर्थाचे लॅटिमोर यांचे निरीक्षण मी त्यातल्या म्हाताऱ्या बाबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "कास्तकार नसल तर आमी दूध कोनाले इकाव?"

तिबेटवरील भाग मात्र मला कोरडा वाटला. मंगोलियावर लिहिताना लेखकाला उंटाच्या घामाचा वास माहीत आहे. येथे तो जाणवत नाही. शेतीच्या पाण्यातून राज्यसत्ता घडते, हा धागाही त्यांनी गरजेपेक्षा जास्त ताणला आहे.

ज्या माणसाने विद्यापीठाची पदवी नसताना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापन केले आणि १९४१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शिफारशीवरून चीनचे नेते चँग कै-शेक यांचा सल्लागार म्हणून काम पाहिले, त्यालाच १९५० साली अमेरिकेचे सिनेटर मॅकार्थी यांनी रशियाचा सर्वात मोठा हेर ठरवले. तेव्हा लॅटिमोर संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी अफगाणिस्तानात होते. खोट्या साक्षीचे सात आरोप त्यांच्यावर ठेवले गेले आणि १९५५ पर्यंत, एकही सिद्ध न होता, ते सारे निकालात निघाले. परंतु ऐन उमेदीची वर्षे त्यात खर्ची पडली. १९६३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाने त्यांना चिनी अध्ययनाचे प्राध्यापकपद दिले. त्यांच्या वाट्याला आलेला हा छळ वाचून मला फार वाईट वाटले.

इतिहास शिकवणाऱ्यांनी आणि एम.ए. करणाऱ्या मुलांनी हा ग्रंथ जरूर घ्यावा. जुनी स्थलनामे अडचण करतात, म्हणून मी फाटलेला नकाशा खळीने चिकटवून मागच्या कोऱ्या पानावर यादी लिहिली आहे: क्वेइहुआ म्हणजे होहोत, मुकदेन म्हणजे शेनयांग, चुगुचाक म्हणजे ताचेंग. उन्हाळ्यात ही प्रत गावच्या वाचनालयात ठेवणार आहे.