टेलेमार्क की योटुनहाइमेन? नॉर्वेतले पाच दिवस

नॉर्वेत डोंगर हवेत, तळी हवीत, जुनं काही बघायचंय आणि हाताशी पाचच दिवस आहेत. मग ओस्लोच्या पश्चिमेचं टेलेमार्क किंवा लिलेहामरच्या पुढचं योटुनहाइमेन, यांतलं एकच निवडा. दोन्ही कोंबलीत तर अर्धी सहल गाडीत जाईल. ठरवण्याआधी एवढंच बघा: सोबतच्यांत सगळ्यांत कमी कोण चालतं?

सगळे सात-आठ तास चालणारे असतील तर योटुनहाइमेन. सकाळी येंडेसहाइमहून बोटीने मेमुरुबूला जायचं आणि बेसेगेनच्या धारेवरून सुमारे 14 किलोमीटर चालत परत यायचं. वाटेतला सर्वोच्च माथा 1743 मीटर. अरुंद धारेवर एका हाताला हिमनदीच्या गाळाने हिरवं झालेलं येंडे सरोवर, समुद्रसपाटीपासून 984 मीटरवर. दुसऱ्या हाताला निळं बेसवात्न तळं, येंडेपेक्षा जवळजवळ चारशे मीटर वर. काही ठिकाणी हात टेकूनच चढावं लागतं. सह्याद्रीत भर पावसात भटकायची सवय इथे कामाला येत नाही. ओला खडक आणि जोराचा वारा असेल तर बेत रद्दच करा. म्हणून एक दिवस राखून ठेवा. तो लिलेहामरच्या माइहाउगेन संग्रहालयात छान जाईल. आंदेर्स सांडविग या दंतवैद्याने 1887 पासून जमवलेल्या वस्तू आणि जुनी घरं हे त्याचं मूळ. पण ते येंडेपासून बरंच लांब आहे.

टेलेमार्कमध्ये हे अंतर पडत नाही. 1883 मीटरच्या गाउस्ताटोपेन डोंगराच्या पोटातून लष्करासाठी बांधलेली रेल्वे वर जाते, त्यामुळे आजी-आजोबाही माथ्याजवळ पोचतात. चालणाऱ्यांना स्ताव्सरूहून दोनेक तासांची चढण आहे. खाली र्युकान हे गाव इतक्या खोल दरीत आहे की सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे थेट ऊन पोचत नाही. लोकांना उन्हात जाता यावं म्हणून 1928 मध्ये रोपवे झाला, आणि 2013 पासून डोंगरावरचे आरसे चौकात ऊन पाडतात. अशा जागी गाव वसलं ते धबधब्याच्या विजेसाठी. वेमोर्कचं वीजकेंद्र 1911 चं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेला तिथला जड पाण्याचा (अणुसंशोधनात लागणारं खास पाणी) कारखाना नॉर्वेजियन सैनिकांनी फेब्रुवारी 1943 मध्ये उडवला. वर्षभराने उरलेला साठा नेणारी फेरीबोट टिन सरोवरात बुडवली, त्यात साधे प्रवासीही गेले. हे ठाऊक असलं की त्या शांत, 460 मीटर खोल पाण्याकडे नुसतं देखावा म्हणून बघवत नाही.

येता-जाता हेद्दालचं जुन्या खांबांच्या धाटणीचं लाकडी चर्च (स्टेव्ह चर्च) बघाच, त्या धाटणीतलं देशातलं सर्वांत मोठं. 1892 चा टेलेमार्क कालवाही सुरेख, पण 18 जलद्वारांच्या त्या संथ बोटीला पूर्ण दिवस लागतो. लहान मुलं असतील तर सोडा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी टेलेमार्कच सुचवेन. बेसेगेनचं वेड मनात असेल तर मात्र तिकडेच जा, आणि बोटीचं तिकीट आधीच काढून ठेवा.