नकाशा ॲपचा मराठी आवाज : बडोद्यातील सात महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी इंदूरहून मावशी आल्या. रतलामकडून अहमदाबादकडे जाणाऱ्या काही गाड्या, इंजिनाची दिशा बदलावी लागू नये म्हणून, आता मुख्य स्थानकात न येता छायापुरीला थांबतात. त्यांची गाडी वेळेआधी पोहोचली आणि मी दांडिया बाजारातून निघेपर्यंत त्या रिक्षात बसल्याही होत्या. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी हे ॲप घेतले होते. जायचे होते प्रतापगंजला; आवाज म्हणाला ‘प्रतापगुंज’. रिक्षावाल्याला त्यातले फक्त ‘प्रताप’ कळले आणि त्याने त्यांना थेट प्रतापनगर स्थानकापाशी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, नेऊन उतरवले. १८० रुपये जादा गेले, आणि सत्तरीच्या बाईला सामान घेऊन अर्धा तास उन्हात उभे राहावे लागले.

ही चूक मी पहिल्या आठवड्यापासून ऐकत आहे. सयाजीगंज, फत्तेगंज, प्रतापगंज ही नावे रोमन लिपीत ‘यू’ घालून लिहिण्याची इथली जुनी पद्धत आहे आणि यंत्र ती जशीच्या तशी वाचते. गंज म्हणजे पेठ, गुंज म्हणजे सोनाराच्या काट्यावरचे वजन. सयाजीरावांच्या नावाच्या पेठेची अशी गुंज झालेली मला ऐकवत नाही. रोमन लिपीत ड आणि द यांना, तसेच ण आणि न यांना, एकच अक्षर असल्यामुळे १९७४ पासून अधिकृत असलेले वडोदरा हे शहराचे नावही ‘वदोदरा’ होते, आणि छाणीची ‘छानी’ होते.

मार्ग मात्र ते उत्तम दाखवते, हे मान्य केले पाहिजे. मांडवीच्या गर्दीतून त्याने मला अनेकदा वेळेत बाहेर काढले आहे, आणि स्थानकाला जाताना अलकापुरीच्या बाजूने जावे की सयाजीगंजच्या, हेही ते अचूक सांगते.

इथपर्यंत लिहून झाल्यावर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी आवाजाची भाषा गुजराती केली, आणि माझे मत निम्मे बदलले. गुजराती आवाज नावे गुजराती लिपीतून वाचत असावा, कारण गंज, छाणी, वडोदरा हे सारे त्याने पहिल्याच फेरीत स्वच्छ उच्चारले. म्हणजे बरोबर उच्चार कंपनीकडे आहेत; ते फक्त मराठी आवाजापर्यंत पोहोचवलेले नाहीत. याचा मला अधिकच राग आला. आमच्या घरात चार पिढ्या मराठी बोलली जाते, आणि पैसे मी मराठी आवाजासाठी भरले होते.

तेवीस नावे देवनागरीत लिहून मी कंपनीला दोनदा पाठवली आहेत. दोन्ही वेळा केवळ पोच आली. वर्गणीची मुदत दोन महिन्यांनी संपते. मराठी आवाजाने सयाजीगंज नीट म्हटले तरच मी ती पुन्हा भरेन.