मेडिकलवाल्या ताईंनी बाबांच्या सगळ्या गोळ्या काउंटरवर मांडायला लावल्या

रेटिंग 5 पैकी 4, एक स्टार का कापला ते शेवटी सांगते. दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण पुढे थोडी तक्रारही आहे आणि मला रोज त्याच रस्त्यावरून जायचंय. डोंबिवली पूर्वेला, रिक्षा स्टँडपासून चालत दोन मिनिटांवर, एवढं पुरे.

झालं असं की बाबांना जांघेत नायटा झाला. आधी शेजारच्या काकांनी सांगितलेली ट्यूब लावली, ती लावली की दोन दिवस खाज बंद, चौथ्या दिवशी चट्टा दुप्पट, नंतर कळलं त्यात स्टेरॉईड होतं. मग एकदाचे स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बुरशीवरच्या इट्राकोनाझोल 100 च्या कॅप्सूल दिल्या, सकाळ-संध्याकाळ एक, महिनाभर. बाबांची 4 वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन 40, बीपीची ॲम्लोडिपिन आणि रोज उठल्या उठल्या गॅसची ती पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल, म्हणजे ती 'डी'वाली जी आपल्याकडे प्रत्येक घरात फ्रीजवर पडलेली असते. यातलं स्किनच्या डॉक्टरांना काय सांगितलं? काहीच नाही. का, तर "ते चामडीचं विचारत होते, मी हृदयाचं कशाला काढू." आता यावर काय बोलणार.

मीही शहाणी, कॅप्सूल ॲपवरून मागवल्या, डिस्काउंट होता. ॲपवाल्यांचा डॉक्टर म्हणून कोणाचा तरी फोन आला, वय किती, ॲलर्जी आहे का, ओके थँक्यू, मिनिटभरसुद्धा नाही झालं. 3 स्ट्रिप आल्या, 15 दिवसांच्या. 15 दिवस झाले, चट्टा जसाच्या तसा, वर बाबांचे पाय सुजायला लागले, मोजे काढले की घोट्याच्या वर खोल वळ. आम्हाला वाटलं उन्हाने असेल, फिरणं जास्त झालं असेल.

पुढच्या स्ट्रिपांची ऑर्डर ॲपने दोनदा पुढे ढकलली म्हणून नाइलाजाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरला फार्मसिस्ट ताई होत्या, प्रिस्क्रिप्शन बघितलं, ड्रॉवर उघडला आणि परत बंद केला. "काकांना आणखी काय काय चालू आहे?" म्हटलं बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक, गॅसची. "नावं?" नावं कुठे माहीत होती मला! "घरी जाऊन जेवढं काही घेतात ते सगळं पिशवीत घालून आणा, रिकामी पाकिटंही चालतील." मनातून वैताग आला खरं तर, मागे रांग, बाहेर ऊन, पण गेले आणि आणलं.

त्यांनी पाकिटं काउंटरवर पत्त्यांसारखी ओळीत मांडली, इट्राकोनाझोल मधोमध. पहिलं बोट डी-वर. म्हणाल्या ही तुमची बुरशीची कॅप्सूल पोटातल्या ॲसिडमध्येच नीट विरघळते आणि ती भरल्या पोटी, जेवण झालं की लगेच घ्यायची असते, काका कशी घेतात? मी म्हटलं सकाळी सहाला, चहाबरोबर, डी-च्या मागोमाग. त्या हसल्याच. म्हणजे आधी ॲसिड बंद करायचं, वर रिकामं पोट, मग कॅप्सूल अंगाला लागणार कशी! नुसतं ॲसिडिटीचं पातळ औषध असतं तर कॅप्सूलच्या किमान तासभर आधी किंवा दोन तास नंतर घेऊन भागतं, पण पॅन्टो असं वेळ मागेपुढे करून सुटत नाही, त्याचा असर दिवसभर राहतो. आणि त्यातलं ते 'डी', म्हणजे डोम्पेरिडोन, ते तर इट्राकोनाझोलबरोबर द्यायचंच नसतं, रक्तात वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे ऐकून माझ्याच पोटात गोळा आला, अँजिओप्लास्टी झालेला माणूस आणि आम्ही रोज सकाळी हौसेने देतोय.

मग अटोर्वा. लिव्हरमध्ये एक एन्झाइम असतं, सीवायपी 3ए4, बरीच औषधं त्याच्यामार्फत अंगातून बाहेर पडतात. इट्राकोनाझोल ते अडवून धरतं, त्यामुळे बाकीची साचत जातात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी सिमवास्टॅटिन आणि लोवास्टॅटिन तर याच्याबरोबर चालतच नाहीत, अटोर्वास्टॅटिनही 20 च्या वर जाऊ द्यायची नसते आणि बाबांची 40 ची. मांड्या-पोटऱ्या दुखतात का, लघवी गडद होते का असं त्यांनी विचारलं, तेवढं नव्हतं नशिबाने. ॲम्लोडिपिनही त्याच रस्त्याने जाते आणि तिने पाय सुजतात. मी म्हटलं अहो पण कॅप्सूल तर अंगाला लागतच नव्हती ना? तर म्हणाल्या अजिबात लागत नाही असं नाही, नायटा बरा व्हायला कमी पडते आणि बाकीच्यांना अडवायला पुरते असंही होऊ शकतं, पण सूज कशाची ते मी नाही सांगणार, इट्राकोनाझोलने हार्टचं पंपिंगही कमी होऊ शकतं, त्यामुळे आजच हार्टच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हे मला सगळ्यात आवडलं, त्यांनी स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करा असं सांगितलं नाही. मी लगेच म्हटलं डी आजपासून बंद करते, तर थांबवलं, "काका ॲस्पिरिनवर आहेत, पोटाच्या संरक्षणासाठी पॅन्टो दिली असेल तर? आधी विचारूया." तिथूनच स्किनच्या डॉक्टरांना फोन लावला, 5-6 मिनिटं बोलल्या. डॉक्टर बिचारे चकित, त्यांना अँजिओप्लास्टीचं माहीतच नव्हतं.

शेवटी काय झालं ते थोडक्यात, आणि हे बाबांपुरतं, कोणी आपल्या घरी तसंच करू नका. हार्टच्या डॉक्टरांनी 2डी इको केला, पंपिंग नॉर्मल निघालं, सूज ॲम्लोडिपिनचीच धरून ती बदलली. अटोर्वाच्या जागी तात्पुरती रोसुवास्टॅटिन, ती त्या एन्झाइमच्या भानगडीत फारशी पडत नाही. पॅन्टो साधी, डी वगळून. आणि स्किनच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून सुबावाली लिहून दिली, तेच औषध पण वेगळ्या पद्धतीने बनवलेलं, पोटातल्या ॲसिडवर अवलंबून नाही. तिचे मिलिग्रॅम कमी दिसतात, 65 ची असते, म्हणून बाबा म्हणाले कमी पॉवरची दिली, मग 100 चीच परत आण. नाही हो बाबा, आकडे असे जुळवायचे नसतात! आणखी एक, कॅप्सूल संपली म्हणजे विषय संपला असं नाही, औषध रक्तातून जायला 7 ते 14 दिवस लागतात, म्हणून जुनी अटोर्वा दोन आठवडे थांबूनच परत सुरू केली. चट्टा तिसऱ्या आठवड्यात सुकायला लागला.

एवढ्यात आईलाही नायटा, एकच टॉवेल दोघांचा, दुसरं काय. तिलाही स्किनच्या डॉक्टरांनी तीच कॅप्सूल लिहिली. या वेळी मी शहाणपणा करून सगळ्या गोळ्यांची यादी मोबाईलमध्ये घेऊन गेले होते, अगदी कॅल्शियमसकट. ताईंनी यादी वाचली आणि विचारलं, "काकू पंप ओढतात ना दम्याचा?" मी गप्प. पंप हे औषध आहे हे डोक्यातच आलं नव्हतं, डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. त्यात ब्युडेसोनाइड असतं, तेही स्टेरॉईडच, ओढलेलं असलं तरी इट्राकोनाझोलमुळे अंगात साचतं. परत फोन, आईला वेगळ्या गटातलं औषध मिळालं. नाकातले स्प्रेही यादीत लिहायचे म्हणे, आणि टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर उलटा प्रकार, ती इट्राकोनाझोललाच पळवून लावतात.

आता एक स्टार का कापला. ताई फक्त सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी साडेपाचनंतर असतात. मधल्या वेळात पोरं बसतात आणि ती मोबाईलमधून मान वर न करता जे मागाल ते देतात, मी स्वतः बघितलंय, मागच्या आठवड्यात एका आजोबांना लाल पट्टीवाली स्ट्रिप विना प्रिस्क्रिप्शन कापून दिली, कैचीने, तारीख होती तोच तुकडा डब्यात राहिला. हे बरोबर नाही, ताईंनाही सांगितलं मी, त्यांचा चेहरा पडला पण दुकान मालकाचं. डिस्काउंटचीही बोंब, फार तर 5 टक्के. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. औषधाचा त्रास झाला तर कळवायचा सरकारी टोल फ्री नंबर 1800-180-3024 काचेवर चिकटवलाय खरा, पण त्याच्यावर च्यवनप्राशचं स्टिकर, अर्धा दिसतच नाही.

जायचं असेल तर गुरुवारी अकराच्या सुमारास जा, गर्दी नसते, निवांत बोलतात. रविवारी दुपारनंतर बंद. आणि पिशवी घेऊन जा, पंपासकट.